व्ही-बिटची रेघ एकीकडे जाड, एकीकडे बारीक: हौशी सीएनसी राउटरचा असमान कट कसा शोधायचा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मशीन, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर लाकूड कोरणारा राउटर, ४०० बाय ३०० मिमी फिरणारं. फ्रेम अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलची, तिन्ही अक्षांना टी-८ लीडस्क्रू (अक्ष सरकवणारे आट्यांचे दांडे), जीआरबीएल बोर्ड (मोटरना हुकूम देणारा) आणि ५०० वॅटचा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर). त्यावर तुम्ही ९० अंशांच्या व्ही-बिटने (व्ही आकाराच्या टोकदार पात्याने) सागवानी नेमप्लेट कोरता. डावीकडची अक्षरं ठसठशीत येतात आणि उजवीकडे जाता जाता बारीक होत जातात. शिवाय काही पाट्यांवर शेवटची ओळ, म्हणजे पत्त्याची, सगळीच जास्त खोल जाते. फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी केला, नवीन बिट लावला, झीरो (उंचीचा शून्यबिंदू) पुन्हा घेतला, पण फरक पडला नाही. आता ८०० वॅटचा स्पिंडल घ्यावा की मशीनच बदलावं, असं विचारताय.

आत्ता काहीच घेऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात दोन वेगवेगळे दोष एकत्र दिसतात. एक इलाज करून बघितला की दुसरा दोष तसाच राहतो आणि वाटतं की इलाजच चुकला. दोन्ही आधी वेगळे करायला हवेत.

मशीन दुरुस्तीला आलं की कुठलाही स्क्रू हातात घेण्याआधी मी एकच गोष्ट ठरवते: हा फरक जागेशी बांधलेला आहे, वेळेशी की जोराशी? जागेशी म्हणजे बेडवर (लाकूड ठेवायच्या पाटावर) ठरावीक ठिकाणी कट नेहमी तसाच येतो, मग तो सुरुवातीला घ्या किंवा शेवटी. वेळेशी म्हणजे काम पुढे सरकेल तसा फरक वाढतो किंवा मध्येच एकदम उडी घेतो. जोराशी म्हणजे हलका पास नीट येतो आणि भारी पास बिघडतो, किंवा एका दिशेने जाताना नीट आणि उलट येताना वाकडा. असमान कटाची बहुतेक कारणं या तिनांत बसतात आणि तिन्हींचे इलाज पूर्ण वेगळे आहेत.

हे ठरवायला दोन पाट्या वाया घालवायची तयारी ठेवा. टाकाऊ एमडीएफ चालेल, पण पहिल्या चाचणीला तुमचं नेहमीचं सागवानच घ्या. एक पाटी कोरा. मग त्याच फळीची दुसरी बाजू वर करून तोच मजकूर कोरा, पण फळी बेडवर १८० अंशांत फिरवून बसवा, म्हणजे आधी डावीकडे असलेलं टोक आता उजवीकडे येईल. जाड अक्षरं तरीही मशीनच्या डावीकडेच आली तर दोष बेडचा किंवा गँट्रीचा, म्हणजे स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाचा. जाडपणा लाकडाच्या टोकाबरोबर उजवीकडे गेला तर फळीचीच जाडी सारखी नाही. दुसरी चाचणी पत्त्याच्या ओळीसाठी. टूलपाथचा (बिटच्या मार्गाचा) क्रम उलटा करा: पत्ता आधी, नाव शेवटी. पत्ताच पुन्हा खोल गेला तर जागेचा दोष. आता नाव खोल गेलं तर वेळेचा. तुमच्या वर्णनावरून पहिला दोष जागेचा आणि दुसरा वेळेचा निघेल असं मला वाटतं, पण चाचणी केल्याशिवाय ते खरं धरू नका.

नेमप्लेट देवनागरीत आहे याचा इथे मोठा फायदा होतो. शिरोरेषा पाटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत जाते आणि फाइलमध्ये तिची जाडी सगळीकडे सारखीच असते. म्हणजे मोजायला वेगळा नमुना कोरायची गरजच नाही. ९० अंशांच्या बिटने कोरलेल्या रेघेची रुंदी खोलीच्या बरोबर दुप्पट असते. ४ मिमी रुंद शिरोरेषा हवी असेल तर टोक २ मिमी आत जातं. व्हर्निअरने डावीकडे ४.४ आणि उजवीकडे ३.६ भरली, तर रुंदीतला फरक ०.८ आणि खोलीतला ०.४ मिमी. हा ०.४ लिहून ठेवा, पुढे लागेल. साध्या एंडमिलने (सपाट टोकाच्या बिटने) पॉकेट, म्हणजे सपाट तळाचा खळगा, काढताना ०.४ मिमीचा उतार कोणाच्या नजरेतही येत नाही. व्ही-बिट तो दुप्पट करून दाखवतं. ६० अंशांच्या बिटला रुंदी खोलीच्या सुमारे १.१५ पट असते, म्हणून तोच दोष तिथे जवळजवळ निम्मा दिसतो. बरेच जण ६० अंशांचं बिट लावतात आणि मशीन सुधारलं असं समजतात. मशीन होतं तिथेच असतं.

आता जागेचा दोष. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हौशी मशीनच्या तक्रारींत हाच सर्वांत जास्त येतो आणि यातच सर्वांत जास्त उलटसुलट सल्ले मिळतात.

बिट बेडपासून किती उंचीवर फिरतंय हे बेडवर पाच ठिकाणी मोजायचं: चार कोपरे आणि मधोमध. ०.०१ मिमी लीस्ट काउंटचा डायल गेज स्पिंडलच्या होल्डरला घट्ट बांधा, स्पिंडलचा प्लग काढून ठेवा आणि मशीन जॉग करत (बटणांनी सरकवत) रीडिंग घ्या. एमडीएफचा पृष्ठभाग खरखरीत असतो, म्हणून गेजच्या टोकाखाली प्रत्येक ठिकाणी तोच एक सपाट पोलादी तुकडा ठेवा. गेज नसेल तर बिटचं टोक आणि झेरॉक्सचा साधा कागद वापरा. तो कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो. कागद अडकतो तिथला झेड (उंचीचा आकडा) स्क्रीनवर वाचा आणि लिहा. हात बसला की ०.०५ मिमीपर्यंत भरवसा ठेवता येतो, तुमच्या कामाला तेवढं पुरे.

आकड्यांचा अर्थ असा लावा. समजा पुढचा डावा कोपरा शून्य धरला, पुढचा उजवा ०.३८ ने खाली, मागचा डावा ०.०५ ने वर आणि मागचा उजवा ०.३३ ने खाली निघाला. म्हणजे पूर्ण बेड उजवीकडे उतरता आहे, तिथे बिट लाकडात कमी शिरतं आणि अक्षर बारीक होतं. शिरोरेषेवरून काढलेला ०.४ आणि हा आकडा जवळपास जुळला, तर दुसरं कारण शोधायची गरज नाही. चारही कोपरे सारखे आणि फक्त मध्य खाली किंवा वर असेल तर बेडच्या फळीला पोक आलाय किंवा एक्सचे रॉड मध्ये वाकताहेत. तीन कोपरे जुळतात आणि चौथा एकटाच वेगळा, असं आलं तर फ्रेमला पीळ पडलाय. अशा वेळी मशीनच्या आधी ते ज्या टेबलावर ठेवलंय ते तपासा. ही फ्रेम हलकी असते. टेबल सपाट नसेल आणि रबरी पायांपैकी एक अधांतरी असेल तर स्वतःच्या वजनानेच ती पिळते. त्या पायाखाली पत्र्याचं पॅकिंग सरकवा आणि पुन्हा मोजा. पीळ तसाच ठेवून बेड सपाट करण्यात अर्थ नाही, कारण मशीन जरा सरकवलं की सगळं पुन्हा बदलतं.

उतार एक मिमीच्या वर असेल तर आधी बेडचे किंवा गँट्रीचे बोल्ट सैल करून शिम (पातळ पट्टी) घाला. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो, शिम म्हणून उत्तम चालतो. त्याहून कमी असेल तर सरळ स्पॉइलबोर्ड (बेडवरची, चिरा पडल्या तरी चालणारी फळी) रंधून घ्या, म्हणजे मशीनकडूनच बेडचा वरचा थर काढून घ्या. गँट्री ज्या प्रतलात फिरते त्याच प्रतलात बेड येतो. तुमच्या स्पिंडलला २२ मिमी व्यासाचं, ६ मिमी शँकचं (पकडायच्या दांड्याचं) सरफेसिंग बिट झेपतं. दहा हजारांच्या आसपास आरपीएम, फीड मिनिटाला १००० मिमी, एका वेळी ०.३ मिमी खोली आणि ९ मिमी स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांतलं अंतर) ठेवा. आधी फळीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारा. पहिल्या पासनंतर जिथे पेन्सिल शिल्लक राहिली ती जागा खोलगट आहे. रेघा पूर्ण जाईपर्यंत पास घ्या. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क आणि गॉगल लावल्याशिवाय हे काम करू नका.

एक बारकावा इथे हमखास निसटतो. बिट बेडच्या अगदी कडेपर्यंत पोचत नाही, त्यामुळे रंधल्यावर चारी बाजूंना न कापलेला उंच काठ राहतो. मोठी पाटी त्या काठावर टेकली की ती अधांतरी राहते, क्लॅम्प आवळल्यावर मध्ये वाकते, आणि नुकताच सपाट केलेला बेड निरुपयोगी ठरतो. स्पॉइलबोर्ड बिटच्या पोचेपेक्षा थोडा लहानच कापा किंवा तो काठ पटाशीने काढून टाका.

लाकडाचंही बघा. सुताराकडून हाताने रंधून आणलेल्या फळीत टोकाटोकाला अर्धा मिमी फरक असणं अगदी साधं आहे. व्हर्निअरने सहा-आठ ठिकाणी जाडी मोजा. कोरीव काम असेल तर झीरो लाकडाच्या वरच्या पृष्ठभागावर घ्या आणि कोरण्याआधी तोच पृष्ठभाग सरफेसिंग बिटने एकदा हलका घासून घ्या. मग फळी कशीही असो, वरची बाजू मशीनशी समांतरच होते. पाटी आरपार कापायची असेल तर मात्र झीरो बेडवरून घ्या, नाहीतर जाड टोकाला थोडं लाकूड न कापता राहतं आणि बारीक टोकाला बिट स्पॉइलबोर्डमध्ये घुसतं.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, पण कोकणात किंवा घाटमाथ्याच्या जवळ असाल तर पावसाळ्याचा हिशेब वेगळा. साधा एमडीएफ हवेतला ओलावा पितो आणि फुगतो, कडांना जास्त, मध्ये कमी. मे महिन्यात रंधलेला बेड ऑगस्टमध्ये तसाच राहील अशी अपेक्षा ठेवू नका. एचडीएचएमआरची (ओलावा सहन करणारी दाट) फळी यात बरीच स्थिर असते. एमडीएफच वापरायचा असेल तर बसवण्याआधी खालची बाजू आणि कडा सीलरने बंद करा, आणि पाऊस संपल्यावर एकदा रंधून घ्या.

सॉफ्टवेअरमधल्या हाइट मॅपबद्दलही विचारलं जाईल म्हणून सांगते. प्रोबने ठिकठिकाणी उंची मोजून मशीन टूलपाथच वर-खाली वाकवतं. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) कोरताना हे फार कामाचं, कारण तिथे तांब्याचा थर जेमतेम ३५ मायक्रॉनचा असतो आणि बोर्ड नेहमी थोडा वाकलेला असतो. लाकडावर प्रोबला वीज वाहून नेणारा पृष्ठभाग मिळत नाही, वर फॉइल चिकटवावं लागतं. बेड वाकडा ठेवून दर पाटीला हे करत बसणं मला पटत नाही. बेड एकदाच सरळ करा.

जागेच्याच गटात आणखी एक दोष येतो, स्पिंडल ओळंब्यात नसणं. तुम्हाला कोणीतरी स्पिंडल ट्रॅम करायला (बेडशी काटकोनात आणायला) सांगितलंय असं तुम्ही लिहिलंत. सल्ला वाईट नाही, पण तुमच्या तक्रारीवर तो लागू पडत नाही. स्पिंडल तिरका असेल तर पॉकेटच्या तळाला शेताच्या सऱ्यांसारख्या पायऱ्या उमटतात, बोट फिरवलं की जाणवतात. डाव्या-उजव्या अक्षरांच्या जाडीत त्याने फरक पडत नाही. तपासायचं असेल तर कोलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिरांच्या नळीत) वाकवलेली जाड तार पकडा, तिच्या टोकाला डायल गेज बांधा आणि स्पिंडल हाताने फिरवून १०० मिमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. समोरासमोरच्या दोन बिंदूंत ०.२ मिमी फरक आला तर २२ मिमीच्या बिटखाली पायरी फक्त ०.०२ मिमीची येते आणि ६ मिमीच्या बिटखाली ती दिसतही नाही. यात फार वेळ घालवू नका.

आता वेळेचा दोष, म्हणजे तुमची खोल गेलेली पत्त्याची ओळ. मला यात दोन संशयित दिसतात.

पहिला कोलेट. बिट काम करता करता कोलेटमधून हळूहळू खाली सरकत असेल तर कट खोल खोल होत जातो. वर भुसा फेकणारी अपकट स्पायरल बिट्स तर स्वतःलाच लाकडात ओढून घेतात. तपासणी सोपी आहे: कोलेटच्या नटाला लागून बिटच्या शँकवर मार्करने रेघ मारा आणि काम संपल्यावर बघा. रेघ नटापासून खाली आलेली दिसली तर चोर सापडला. ईआर-११ कोलेट बसवायची पद्धत बऱ्याच जणांना कोणी सांगितलेली नसते. कोलेट आधी नटात तिरका धरून टक आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट स्पिंडलवर एक-दोन आटे चढवायचा, मग बिट घालायचं आणि शेवटी दोन पान्यांनी आवळायचं. कोलेट नुसताच स्पिंडलमध्ये टाकून वरून नट फिरवला तर तो मध्यावर बसत नाही, बिट डगमगत फिरतं आणि पकडही अर्धवट राहते. तसंच ६ मिमीचं बिट ६.३५ च्या कोलेटमध्ये आवळू नका. आवळलं जातं, पण पकड टोकापुरतीच राहते. कोलेटच्या चिरांत अडकलेला भुसा दर बिट बदलताना ब्रशने काढा.

दुसरा संशयित झेड अक्ष. स्टेप (मोटर फिरण्याचे छोटे टप्पे) हरवल्या की बोर्डाला त्याचा पत्ता नसतो, कारण या मशीनमध्ये मोटर खरोखर किती फिरली हे सांगणारं काहीच नसतं. कुठल्या दिशेला हरवल्या ते मात्र कटावरून कळतं. वर उचलताना मोटर अडखळली तर स्पिंडल अपेक्षेपेक्षा खाली राहतो आणि पुढचं सगळं खोल जातं. खाली घुसताना अडखळली तर उलट, पुढचं सगळं उथळ. तुमचं खोल जातंय, म्हणजे वजन उचलताना ताकद कमी पडत असण्याची शक्यता जास्त. काम संपल्यावर मशीनला झेड शून्यावर आणा आणि न कोरलेल्या भागावर कागद लावून बघा. कागद जितका अडकायला हवा तितकाच अडकला तर झेड प्रामाणिक आहे. टोक लाकडात रुतत असेल आणि शँकवरची रेघ मात्र जागेवर असेल, तर स्टेप हरवल्यात किंवा कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा) घसरलंय.

ते वेगळं ओळखायला मार्करची आणखी एक रेघ: मोटरचा शाफ्ट, कपलिंग आणि स्क्रू यांवरून एकच सरळ रेघ ओढा. काम झाल्यावर ती तुटलेली दिसली तर कपलिंगचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू) सैल आहे. काढून त्याला थोडं थ्रेडलॉकर लावा, आणि शाफ्टला सपाट बाजू असेल तर स्क्रू त्यावरच टेकू द्या. रेघ सलग असेल तर स्टेपच हरवताहेत. मग जीआरबीएलमध्ये झेडचा कमाल वेग, म्हणजे $११२, आणि प्रवेग, म्हणजे $१२२, निम्म्यावर आणा आणि तीच पाटी कोरा. दोष गेला तर कारण पक्कं. नंतर स्क्रू स्वच्छ करून तेल लावा, झेडच्या रॉडवर स्लाइड हाताने सहज सरकते का ते बघा आणि वेग थोडा थोडा वाढवा. ड्रायव्हरचा करंट वाढवणं हा शेवटचा उपाय ठेवा, कारण त्याने मोटर आणि ड्रायव्हर दोन्ही तापतात.

याच गटातलं एक कारण मशीन नीट असूनही फसवतं. जीआरबीएलमध्ये $१ नावाची सेटिंग आहे, हालचाल थांबल्यावर मोटरचा करंट किती वेळाने तोडायचा याची. मूळ आकडा २५ मिलिसेकंद असतो. म्हणजे तुम्ही झीरो घेता, बिट पुसायला किंवा फाइल उघडायला थांबता, आणि तेवढ्यात झेडची मोटर सुटलेली असते. टी-८ स्क्रूची लीड ८ मिमीची असेल तर स्पिंडलच्या वजनाने तो उलटा फिरू शकतो आणि झीरो गुपचूप खाली सरकतो. $१ ला २५५ द्या, म्हणजे मोटर कायम धरून राहतील. आणि मध्ये लाइट गेली, मशीनला लिमिट स्विच नसतील, तर परत आल्यावर जुना झीरो खरा मानू नका. बोर्ड सुरू होताना बिट जिथे असेल तिथेच स्वतःला शून्यावर समजतो. नव्याने झीरो घ्या.

इथपर्यंतचं तुमच्या दोन्ही तक्रारींना पुरेल असं मला वाटतं. तरी जोराचा दोष सांगून ठेवते, कारण बेड सरळ झाल्यावर तोच पुढे येतो. मोठा दोष जाईपर्यंत लहान दिसत नाही.

स्पिंडल बंद, पण मोटर करंटवर ठेवा. डायल गेज बेडवर उभा करा. अ‍ॅल्युमिनियमला मॅग्नेटिक स्टँड चिकटत नाही, खाली लोखंडी पट्टी क्लॅम्प करा. गेजचं टोक कोलेटच्या नटाला लावा आणि सामान मोजायच्या काट्याने नट साधारण दोन किलो जोराने ओढा. सोडल्यावर गेजचा काटा मूळ आकड्यावर परत आला तर ती लवचिकता. परत आला नाही तर प्ले, म्हणजे जोडांतला सैलपणा. दोन्हींचा इलाज वेगळा. प्ले असेल तर व्ही-व्हीलचे एक्सेन्ट्रिक नट, स्क्रूचा अँटीबॅकलॅश नट आणि बेअरिंग बघा. व्हील बोटाने फिरवलं तर थोड्या अडथळ्याने फिरायला हवं. मोकळं फिरत असेल तर सैल आहे, गँट्री जड जात असेल तर जास्त आवळलंय. झेडला खालून वर ढकलून हीच चाचणी करा. काही मशीनमध्ये झेडचा स्क्रू फक्त स्प्रिंगसारख्या चिरा असलेल्या कपलिंगने लटकवलेला असतो, वर थ्रस्ट बेअरिंग नसतं. कपलिंग ताणलं-दाबलं जातं आणि कठीण लाकूड आलं की बिट वर उचललं जातं. तिथे रिजिड कपलिंग किंवा आधाराचं बेअरिंग बसवावं लागतं.

बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी हालचाल, मोजायचा तर एका दिशेने ०.१ मिमीच्या काही पावलांनी चला, गेजचा काटा दर पावलाला नीट सरकू लागला की उलट फिरा. उलट्या दिशेची जेवढी पावलं काटा हलत नाही तेवढा प्ले. मूळ जीआरबीएलमध्ये याची भरपाई करायची सोय नाही, आणि मॅक-३ सारख्या सॉफ्टवेअरमध्ये असली तरी राउटरवर तिच्यावर विसंबू नये असं माझं मत आहे. कापताना लाकूड बिटला मोकळ्या जागेत इकडेतिकडे ढकलतंच.

लवचिकता पूर्ण जात नाही, कमी करता येते. बिट कोलेटबाहेर जितकं लांब तितकं वाकतं, आणि हे लांबीच्या घनाने वाढतं. बाहेर काढलेली लांबी ३० वरून २० मिमी केली तर वाकणं तिसऱ्या हिश्श्याहून कमी होतं. व्यासाचा परिणाम त्याहून तीव्र, चौथ्या घाताने. ६ मिमीचं बिट ३.१७५ च्या बिटपेक्षा सुमारे पावणेतेरापट ताठ असतं. म्हणून पाटीचा बाहेरचा आकार कापायला ६ मिमी वापरा, पास उथळ घ्या, कडेला ०.२ मिमी लाकूड शिल्लक ठेवा आणि शेवटी पूर्ण खोलीचा एक हलका फिनिशिंग पास द्या. व्ही-बिटलाही दोन पास द्या, दुसरा जेमतेम ०.१ मिमीचा. पहिल्या पासला सागाच्या कठीण रेषांवर बिट जिथे उचललं गेलं असेल तिथली कसर दुसऱ्यात निघते.

गोल आकार वाकडा येत असेल तर त्यावरून बरंच वाचता येतं. वर्तुळाच्या वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे, म्हणजे अक्ष दिशा बदलतात तिथे, छोटे सपाट टप्पे दिसले तर बॅकलॅश. वर्तुळ ४५ अंशांत तिरकं ताणलेलं असेल तर गँट्री गुण्यात (काटकोनात) नाही. ४०० बाय ३०० चा चौकोन कोपऱ्यांना छिद्रं पाडून मोजा. दोन्ही कर्ण ५०० हवेत. त्यांच्यात १ मिमीचा फरक असेल तर ३०० मिमी लांबीत गँट्री साधारण ०.६ मिमी तिरकी आहे.

काम मात्र मी सांगितलं त्या क्रमाने करू नका. आधी वेळेचे दोष काढा: कोलेट, ग्रब स्क्रू, $१, झेडचा वेग. काहीतरी सैल असताना घेतलेलं कुठलंही मोजमाप विश्वासाचं नाही. मग प्ले काढा, टेबल आणि फ्रेमचा पीळ बघा, आणि बेड रंधण्याचं काम सर्वांत शेवटी करा, कारण त्यानंतर एक बोल्ट जरी हलवला तरी बेड पुन्हा रंधावा लागतो.

राहिला स्पिंडल. ५०० वॅट सागावर कोरायला भरपूर आहेत; व्ही-बिट त्यातली थोडीशीच शक्ती वापरतं. ८०० वॅटचा स्पिंडल ६५ मिमी व्यासाचा येतो, तुमचा ५२ मिमीचा आहे. म्हणजे नवा क्लॅम्प लागेल आणि जो झेड आत्ताच वजन उचलताना अडखळत असावा, त्याच्यावर आणखी भार पडेल. तेच पैसे डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, चांगल्या प्रतीचे ३.१७५ आणि ६ मिमीचे ईआर-११ कोलेट आणि एक सरफेसिंग बिट यांवर घाला. मशीन बदलण्याचा विचार तेव्हा करा जेव्हा दोन किलोच्या ओढीला झेड किंवा गँट्री ०.३ मिमीपेक्षा जास्त वाकते, प्ले शून्य असूनही वाकते, आणि तुम्हाला नेमप्लेटपेक्षा मोठी, जाड लाकडातली कामं रोज करायची असतील. तेव्हा लिनिअर रेल आणि बॉलस्क्रू असलेली फ्रेम घ्या. वॅट नंतर बघू.